ऊन दाखवू नकोस

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गिरगावच्या वाडीतल्या क्रियाडोंच्या घराची वरची लाकडी गॅलरी पेटली. त्या वेळी घराचा मालक सिडनी क्रियाडो माटुंग्याला, एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, काचेचं पेपरवेट उलटं धरून त्याचा तळ बघत होता.

तळ बघितल्याशिवाय तो आतली फुलं बघत नसे. समोर बसलेल्या नम्रता कामथला हे चमत्कारिक वाटत होतं. तिचे वकील वडील वारले होते, घर रिकामं करायचं होतं, आणि त्यांच्या कपाटातल्या काचेच्या गोळ्यांपैकी जुने कुठले आणि नवे कुठले हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

"अंकल, वरून बघा ना. जांभळं फूल किती गोड आहे."

"फूल कोणीही करतो," सिडनी म्हणाला. "तळाचं सोंग आणायला कठीण."

त्याने तिला बोटाने दाखवलं. गरम काच कारागिराच्या सळईवरून जिथे तोडतात तिथे जुन्या गोळ्याला घासून उथळ खळगी केलेली असते. कडेला बारीक ओरखडे असतात, सगळ्या दिशांना, वर्षानुवर्षं टेबलावर सरकल्याचे. नव्या मालाला कोणी पॉलिश पेपरने म्हातारं केलं, की ओरखडे एकाच दिशेने जातात. हातातला गोळा स्वच्छ काचेचा होता. आत एकच फूल, दोन पानं, बाकी पाण्यासारखं रिकामं.

"याचा जुळा भाऊ आहे माझ्याकडे," तो म्हणाला, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

फोनवर आधी नुसता खोकला ऐकू आला. मग डोरिसचा आवाज.

"सिड, घरी ये."

निघताना त्याने खिडकीजवळच्या टेबलावरचा तो गोळा उचलून कपाटात आत सरकवला. एवढ्या घाईतही.

टॅक्सी वाडीच्या तोंडाशीच थांबली, कारण पुढे कोणी उभं राहू शकत नव्हतं. माणसं नाकाला रुमाल लावून भिंतीकडे तोंड करून खोकत होती. अग्निशमन दलाचा एक जवान पायरीवर बसून डोळ्यांवर पाणी मारून घेत होता. सिडनीला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. मिरच्या जळाल्या होत्या. दर मे महिन्यात डोरिस आणि वरच्या मजल्यावरची लक्ष्मी धुरी बाटल्यांत भरून ठेवायच्या वर्षभराच्या बाटली मसाल्यासाठी गॅलरीत जुन्या चादरीवर मिरच्या वाळत घालत. लक्ष्मीचा नवरा गिरणीत होता तेव्हापासून धुरी वरच्या दोन खोल्यांत राहत होते. तो गेला, गिरणी त्याच्याही आधी गेली, आणि डोरिसच्या मसाल्यात मालवणी धणे जास्त पडायला लागले, एवढाच काय तो फरक.

लक्ष्मीला अँब्युलन्सने नेलं होतं. तिचा मुलगा स्वप्नील गल्लीत उभा होता. तो वायरमन. शर्टाच्या खिशात टेस्टर अजून तसाच होता. गेल्याच महिन्यात त्याने गॅलरीत पंख्यासाठी पॉइंट काढला होता.

"लाइन तूच ओढलेलीस ना रे?" कोणीतरी विचारलं.

स्वप्नीलने होकारार्थी मान हलवली. विचारणारा बाजूला झाला, पण प्रश्न तिथेच राहिला.

डोरिस खालच्या पायरीवर ओला टॉवेल घेऊन बसली होती. "भात बघायला खाली आलेली," ती म्हणाली. "पाच मिनिटं."

सिडनी आत गेला. खालच्या मजल्याला काही झालं नव्हतं, फक्त छतातून काळं पाणी ठिबकत होतं. काचेचं कपाट बंद होतं. वरून दुसऱ्या फळीवर चार जागा रिकाम्या होत्या. धुळीत चार गोल स्वच्छ राहिले होते.

तो वळला तेव्हा डोरिस दारात उभी होती, टॉवेल तोंडावर धरून. त्याने हात पुढे केला. तिने फ्रॉकच्या खिशातून कपाटाची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी तो वर गेला. राखेच्या चिखलात त्याला तीन गोळे मिळाले. तिन्ही आतून फुलांनी गच्च भरलेले, काळे पडलेले, पण पुसल्यावर ओळखू येणारे. चौथा सापडला नाही.

चौथा तो जांभळ्या फुलाचा. सिडनीने जमवलेल्यांतला पहिला. फोर्टमधल्या सॉलिसिटरच्या ऑफिसात तो कारकून असताना हा गोळा साहेबांच्या टेबलावर, खिडकीशी असायचा. एकदा सुट्टीनंतर ऑफिस उघडलं, तर त्याच्या शेजारच्या कागदांना चण्याएवढं भोक पडलेलं होतं आणि खालच्या सागवानावर काळा डाग. ज्या गोळ्यात फुलं गच्च असतात त्यातून ऊन पार जात नाही. ज्यात एकच फूल असतं तो भिंगासारखा वागतो. साहेबांनी तो उचलून सिडनीला दिला. म्हणाले, घेऊन जा ही ब्याद. घरी आणताना सिडनीने डोरिसला एवढंच सांगितलं होतं, याला ऊन दाखवू नकोस. का, ते सांगितलं नव्हतं. सगळं घर लाकडाचं. कारण कळलं असतं तर तिने गोळा उंबऱ्याच्या आत घेतला नसता. रंग उडतो म्हणून सांगतोय, असा तिने समज करून घेतला, आणि त्याने तो राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टेशनातून बोलावणं आलं. सब-इन्स्पेक्टर मानसी शिर्के वयाने त्याच्या भाचीएवढी होती. भिंतीलगतच्या बाकावर स्वप्नील बसला होता. तिने प्लॅस्टिकची पिशवी उघडून गोळा टेबलावर ठेवला.

"हॉस्पिटलमधून आलाय. धुरीबाईंच्या मुठीत होता. बोटं सोडवायला डॉक्टरांना वेळ लागला." ती थांबली. "वाडीत सगळे सांगतात, काचेचे गोळे म्हणजे क्रियाडो. तुमचाच ना?"

सिडनी गोळ्याकडे बघत राहिला.

"किमती असतात म्हणे."

"आग लागली की माणूस हाताला येईल ते उचलतो, मॅडम," दाराशी उभा असलेला हवालदार गणपत म्हणाला. "आपलं असो, शेजाऱ्याचं असो."

बाकावरून स्वप्नीलने मान वर केली. "आई कोणाच्या वस्तूला हात लावत नाही. यांना विचारा."

सिडनीने गोळा हातात घेतला. बाजूने एक तडा आत गेला होता आणि फुलाला मधोमध चिरून पलीकडे पोचला होता. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की असं होतं. त्याने सवयीने तो उलटा केला. खळगी होती. ओरखडे होते, सगळ्या दिशांना. माझा आहे, कपाटात होता, असं म्हटलं तर लक्ष्मी चोर ठरत होती. माझा आहे, गॅलरीत होता, असं म्हटलं तर पुढचा प्रश्न होता, तिथे कोणी ठेवला.

"नकली आहे," तो म्हणाला. "चायनीज माल. फुटपाथवर मिळतो. माझा नाही."

"नक्की?"

"बघा मॅडम," स्वप्नील म्हणाला. "अंकल यातले एक्स्पर्ट आहेत. ते कशाला खोटं सांगतील?"

शिर्केने गोळा परत पिशवीत टाकला.

त्या दिवशी भेटायच्या वेळेला सिडनी परळच्या हॉस्पिटलात गेला. बर्न्स वॉर्डात आत सोडत नव्हते. दाराच्या काचेतून एक पांढरी जाळी दिसत होती आणि जाळीखाली लक्ष्मी असावी. ती बोलत नव्हती. डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. स्वप्नील बाहेर जमिनीवर बसला होता. सिडनी त्याच्याजवळ भिंतीला टेकून उभा राहिला.

"अंकल, मी लिहून देतोय."

"काय?"

"जॉइंट माझा होता. टेप जुनी होती, सुकलेली. म्हटलं, घरचंच तर काम आहे, नंतर बदलू. उद्या दुपारी मॅडमने बोलवलंय, तेव्हा लिहून देतो. आईला मीच जाळलं."

"येड्यासारखं बोलू नको. तुझ्या वायरने नाही लागली."

"मग कशाने लागली?"

वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन गेला. सिडनीने पाय आखडून त्याला वाट दिली, आणि ट्रॉली वळेपर्यंत तो तिच्याकडेच बघत राहिला.

"जाऊ दे अंकल," स्वप्नील म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून बोलू नका. ती शुद्धीत आली तर काय विचारेल, माहितीये? लाइट आली काय रे, विचारेल. तिला काय तोंड दाखवू?"

घरी डोरिसने जेवण वाढलं. तो जेवला नाही. ताटाकडे बघत एवढंच म्हणाला, "तो लिहून देतोय." डोरिसने झाकण भांड्यावर ठेवलं. ते नीट बसलं नाही. ती ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सिडनी आपण होऊन पोलीस स्टेशनला गेला.

"तो गोळा माझा आहे. आग त्याच्यामुळे लागली."

शिर्केने पेन खाली ठेवलं. "काल नकली होता. आज खरा झाला?"

"काल मी खोटं बोललो."

"का?"

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"बरं. गॅलरीत कोणी ठेवला?"

"मी."

"तुम्ही माटुंग्याला होतात, क्रियाडो. कालच सांगितलंत. मी फोन करून खात्री केलीये."

"सकाळी ठेवून गेलो. चादर उडत होती म्हणून. चार कोपऱ्यांवर चार."

"हे बघा, तुम्ही सज्जन माणूस आहात, पोरगा तुमच्यासमोर वाढलाय, मला कळतं," ती म्हणाली. "पण लॅबचा रिपोर्ट यायला महिने जातात. माझ्याकडे जळालेली वायर आहे, आणि ती मीच जोडली म्हणणारा माणूस आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"ऊन," सिडनी म्हणाला.

स्टेशनच्या मागच्या आवारात, जप्तीच्या मोटरसायकलींच्या मध्ये त्याने वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तडा गेलेला गोळा ठेवला. ऊन डोक्यावर होतं. तो उकिडवा बसला आणि गोळा थोडा थोडा फिरवत राहिला. तड्यापाशी ऊन दुभंगत होतं आणि कागदावर दोन फिकट फराटे पडत होते. उनाड पोराच्या हातातल्या आरशाच्या कवडशासारखे ते थरथरत होते, एकत्र येत नव्हते. त्याच्या मानेवरून घाम कागदावर पडला.

"अंकल, याच्यावर पापडसुद्धा भाजायचा नाही," गणपत म्हणाला. तो हसत नव्हता. "उठा. चक्कर येईल."

सिडनी उठला नाही. त्याने बसल्या बसल्या माटुंग्याला फोन लावला. काय हवंय ते दोन वाक्यांत सांगितलं. नम्रता कामथने पुढे काही विचारलं नाही.

ती आली तेव्हा बारा वाजून गेले होते. गोळा टॉवेलात गुंडाळून तिने मांडीवर धरून आणला होता.

"हा खरा की खोटा, ते तुम्ही सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"खरा आहे."

त्याने तो कागदावर ठेवला. हा स्वच्छ होता, कुठे तडा नव्हता. त्याच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढा उजेडाचा गोल पडला. सगळे वाकून बघत होते. गोल तसाच राहिला. सिडनीने कागदाला हात लावून बघितला. कागद कोमट होता, उन्हातला कुठलाही कागद असतो तेवढाच. त्याने गोळा बाजूला सरकवला, परत आणला, तिरका केला. आकाशात मे अखेरचे ढग फिरत होते. मधूनच ऊन जाई, आणि आवारातले सगळे वर बघत.

"पावणेदोनला ऊन त्या बिल्डिंगच्या मागे जातं," गणपत हळूच म्हणाला. आता तोही मोजत होता.

स्वप्नील आला. गणपतने त्याला ऑफिसातून कोरा कागद आणि पेन आणून दिलं, आणि तो दाराच्या पायरीवर बसला. मांडीवर कागद घेऊन त्याने आवाराकडे बघितलं.

"हे काय चाललंय? अंकल, तो गोळा तर नकली होता ना?"

सिडनीने मान खाली घातली आणि गोळा पुन्हा एक बोटभर सरकवला.

डोरिस कधी आली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या हातात कापडी पिशवी होती. मोटरसायकलींच्या मधून ती आडवी होत होत पुढे आली, कागदाशी थांबली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"मी ठेवले म्हणून सांगितलंस?"

"डोरिस, तू घरी जा."

"चाळीस वर्षांत कधी चादरीची घडी घातली नाहीस. चार कोपरे कुठले हे तरी ठाऊक आहे काय तुला?"

गणपतने तोंड फिरवलं. डोरिसने पिशवीतून निळ्या रेघांची जुनी चादर काढली.

"जळाली ती हिच्या जोडीची होती," ती शिर्केला म्हणाली. "गॅलरी रस्त्याकडे उतरती आहे, मॅडम. पावसाचं पाणी जावं म्हणून. त्या दिवशी वारा होता. चादरीवर ठेवायचे आमचे दगड कोणीतरी नेलेले. मी कपाटातून हे चार गोळे आणले. बाकीचे तिन्ही बसले. हा घसरायचा. याची काच गुळगुळीत. म्हणून मी चुंबळ केली."

"काय केलं?"

"चुंबळ. डोक्यावर हंडा घेताना करतात ती."

गुडघ्यावर हात टेकून ती कष्टाने खाली बसली. चादरीचा कोपरा तिने पिळला, बोटांभोवती गुंडाळला, टोक आत खोचलं. कापडाचं एक घट्ट कडं तयार झालं. पिशवीच्या तळातून तिने मूठभर मिरच्या काढल्या आणि चादरीवर पसरल्या. दोन-तीन घरंगळून कड्याच्या पोकळीत गेल्या. त्या तिने तशाच राहू दिल्या. मग सिडनीच्या हातातून गोळा काढून घेतला आणि कड्यावर बसवला.

गोळा आता कापडापासून इंचभर उंच झाला होता. कड्याच्या आत, सावलीत, रुपयाएवढा गोल आक्रसत गेला. मसुराएवढा झाला, मग तांदळाएवढा. तो एका मिरचीच्या पाठीवर स्थिर झाला. इतका पांढरा, की शिर्केने डोळे बारीक केले.

सिडनीने बायकोच्या हाताकडे बघितलं. आयुष्यभर तो तळ बघत आला होता. तळाखाली इंचभर जागा सोडली तर काय होतं, ते त्याने कधी बघितलं नव्हतं.

"लक्ष्मी बाहेर आलेली," डोरिस म्हणाली. ती कोणाकडे बघत नव्हती, ठिपक्याकडे बघत होती. "जिन्यात आलेली. मी खालून ओरडले. माझ्या तोंडातून काय निघालं? लक्ष्मीचं नाव नाही, घराचं नाही. सिडचे गोळे गेले, असं ओरडले. ती म्हणाली, थांब गो डोरिसबाय, हाडतंय. आणि गोळे आणायला परत वर गेली."

स्वप्नील पायरीवरून उठला होता. कागद त्याच्या हातात होता. तो दोन पावलं पुढे आला आणि डोरिसच्या मागे थांबला. ती बसलेली असल्यामुळे त्याला तिची फक्त वेणी आणि मान दिसत होती. डोरिस मागे वळली नाही.

त्याच वेळी ऊन गेलं.

चुंबळीतला ठिपका विझला. मिरची होती तशीच लाल होती, निदान वरून तरी तशी दिसत होती. नम्रताने पुढे वाकून श्वास घेतला आणि काही वास येतोय का ते तिला सांगता येईना. शिर्के म्हणाली, कोणी हात लावू नका. तिने मोबाइल काढला, गोळ्यावर धरला आणि चित्रीकरण चालू केलं. मग सगळ्यांनी वर बघितलं. ढग मोठा होता. त्याची एक कड उजळलेली होती, ती समोरच्या बिल्डिंगच्या बाजूला.

हॉस्पिटलातून तोपर्यंत फोन आला नव्हता. लक्ष्मी धुरी अजून बोललेली नव्हती. एक वाजून पस्तीस मिनिटांनी ढग तिथेच होता, आणि स्वप्नीलच्या हातातल्या पेनचं टोपण उघडलेलं नव्हतं.